लादी पाव, स्टीलची भांडी आणि नऊ रुपयांचं युनिट

पहाटे 4:15

गाडीचा प्लग काढण्याआधी मीटरचा आकडा वहीत उतरवायचा, हा माझा दिवसातला पहिला उद्योग. दात घासणं नंतर. घरचे हसतात, पण धंदा वहीवर चालतो. पूर्वी पंपावरची चिठ्ठी खिशात चुरगळून जायची आणि महिनाअखेरीला नुसता अंदाज हाताशी उरायचा. आता मीटर बोलतं आणि मी लिहून घेतो.

भाईंदर पूर्वेला बाळाराम पाटील रोडवरून खारी गावात आत शिरलं की इमारतींच्या मधे अजून काही बैठी घरं दिसतात. त्यातलं एक आमचं. आजूबाजूची शेतं गेली, मिठागरं खाडीकडं सरकली, चुलत्यांच्या वाट्याला टॉवर आले. आमच्या वाट्याला अंगण राहिलं. टेम्पो उभा राहील एवढंच, दार उघडायला तेवढी जागा सोडून.

गाडी म्हणजे टाटाची एस प्रो, विजेवरची. 2005 साली पहिली एस आली तेव्हा लोकांनी तिचं नाव ‘छोटा हत्ती’ करून टाकलं, तेच नाव हिलाही चिकटलंय. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे विजेचं आणि भाड्याचं वाहन. बॅटरी 14.4 किलोवॅट-तासांची, वजन उचलायची परवानगी साडेसातशे किलो. कंपनीच्या कागदावर एका चार्जिंगमध्ये 155 किलोमीटर. कागदावर. भरलेली गाडी, आपले खड्डे, आपले सिग्नल आणि माझा पाय धरला तर शंभरच्या थोडं पुढं जाते. कागदावरच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करून धंद्याची आखणी करायची. पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेजही कधी कंपनीनं सांगितलेलं पडत नव्हतंच की.

प्लगची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण गाडी घेणारे सगळे गाडीचं विचारतात, प्लगचं कुणी विचारत नाही. सोळा अँपियरचा सॉकेट म्हणजे गीझरचा, एसीचा असतो तसलाच. पण गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि ही सहा तास सलग ओढते. पिन किंचित जरी सैल बसली तरी सॉकेट तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं, मग पितळ काळं. त्यात आमच्याकडं खाडीचा वारा. खारट दमट हवेनं तांब्याच्या टोकांवर हिरवट थर धरतो. महिन्यातून एकदा मेन बंद करून पिना पॉलिश पेपरनं घासाव्या लागतात. वायरमननं स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी लावून दिलाय आणि अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा घेतलाय. खड्ड्यात थराथरानं कोळसा आणि मीठ. पोत्यातलं मीठ ओतताना आई म्हणाली, “सगळा जल्म मीठ काढन्यात गेला, आता पुरताव.” बोर्ड छातीइतका उंच बसवलाय. 26 जुलै 2005 ज्यांनी पाहिला ते जमिनीपासून हातभर उंचीवर विजेचं काही बसवत नाहीत.

पहाटे 4:45

बेकरी. भट्टी लाकडाची, बाहेरूनच धग लागते. पाव अजून वाफ टाकत असतो. लाद्या क्रेटमध्ये, क्रेट एकावर एक, ब्रून वेगळा, कारण तो दबला की गिऱ्हाईक घेत नाही. पावाला वजन नाही, पण जागा खातो. म्हणून पहाटेच्या फेरीत गाडी भरलेली दिसते आणि बॅटरीला मात्र ती रिकामीच वाटते.

बेकरीवाले चाचा आजकाल माझ्यापेक्षा जास्त इंधनाचा विचार करतात. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडं वळायला सांगितलं. आमचं गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर, पण दहिसर नाका काही समुद्र नव्हे. इकडं कधी येईल, हा चाचांचा रोजचा प्रश्न. “तुमचं बरं आहे, प्लग लावला की झालं. माझी भट्टी प्लगवर चालवली तर पाव कितीला विकू?” उत्तर माझ्याकडं नाही. उष्णता मिळवायला वीज महाग पडते आणि चाक फिरवायला स्वस्त, एवढं मला वहीवरून कळलंय. पेट्रोलचं इंजिन जाळलेल्या इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून वाऱ्यावर सोडतं, चाकापर्यंत जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पोचतो. मोटर बरोबर उलटं करते. भट्टीला उष्णताच हवी असते, त्यामुळं तिथं मोटरचा हा फायदाच उरत नाही.

पहाटे 5:15 ते 7:30

नवघर, गोल्डन नेस्ट, मीरा रोड, काशीमीरा, परत. थांबा, दोन लाद्या, पुढं. थांबा, पाच लाद्या, पुढं. ही असली थांबत थांबत जाणारी फेरी म्हणजे इंजिनाच्या गाडीचा काळ. पहिला-दुसरा गियर, क्लच जळतो, ॲव्हरेज कोसळतं. विजेच्या गाडीला ती मानवते. थांबली की काही खात नाही, आणि ब्रेक मारताना थोडी वीज बॅटरीत परत जाते.

ही अक्कल नवीनही नाही. इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर कित्येक दशकं दारोदार दूध टाकायला विजेच्याच गाड्या असत. शिशाच्या जड बॅटऱ्या, वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटर, पहाटे निघायचं, गल्लोगल्ली थांबायचं, दुपारी डेपोत येऊन चार्जिंगला लागायचं. लिथियम नाही, ॲप नाही, अनुदान नाही, तरी परवडत होतं. कारण तिन्ही गोष्टी जुळत होत्या: ठरलेला रस्ता, मर्यादित अंतर आणि परत यायला स्वतःची जागा. आज कुणी मला विचारलं की इलेक्ट्रिक टेम्पो घेऊ का, तर मी गाडीचं मॉडेल सांगत नाही, हे तीन प्रश्न विचारतो. पहिल्या दोनांची उत्तरं बहुतेकांकडं असतात.

या वेळेला आवाज नसणं हाही एक गुण. पूर्वी पहाटे गल्लीत शिरलो की वरच्या मजल्यावरून शिव्या यायच्या. आता येत नाहीत. त्याऐवजी कुत्री रस्त्यातून उठत नाहीत, हॉर्न मारावा लागतो, आणि मग शिव्या येतात.

सकाळी 8:00

चहा, आणि चुलतभावाशी हिशेबाची झटापट. तो माझ्याहून धाकटा, मला दादा म्हणतो, पण हिशेबात सोडत नाही. त्याची गाडी सीएनजीची. रोज ऐंशी किलोमीटर धरायचे, असं आमचं ठरलेलं माप.

पेट्रोलचा आकडा आम्ही पहिल्यांदा टाकतो आणि लगेच विसरतो. मुंबईत लिटरला एकशे साडेतीनच्या आसपास. भरलेली छोटी गाडी गावात सतरा देईल. ऐंशी किलोमीटरला पावणेपाच लिटर, म्हणजे 485 रुपये. वर्तमानपत्रं आणि शोरूमवाले विजेच्या गाडीची कुस्ती याच पैलवानाशी लावतात, कारण तो पहिल्या डावात चीत होतो. पण भाईंदरात भाड्याचा छोटा टेम्पो पेट्रोलवर चालवतो कोण? सगळे गॅसवर. जिच्याशी खरी गाठ आहे तिला सोडून भलत्याशीच लढत दाखवायची, यात हिशेब कमी आणि जाहिरात जास्त.

गॅस किलोला ऐंशीच्या आसपास. भावाची गाडी बावीस देते. ऐंशी किलोमीटरला साडेतीन किलोच्या वर, म्हणजे 290 रुपये.

माझं: शंभर किलोमीटरला बॅटरीतून साडेतेरा-चौदा युनिट जातात, पण मीटरवर साडेपंधरा पडतात. मधली दीड-दोन युनिटं चार्जरच्या आणि बॅटरीच्या गरम होण्यात जातात. शोरूमच्या हिशेबात ही गळती कधी दिसत नाही, मीटरला दिसते. ऐंशी किलोमीटरला साडेबारा युनिट. युनिटचा दर मी नऊ रुपये धरतो. बिलावरचा नुसता ऊर्जा आकार बघून लोक पाच-सहा म्हणतात, पण त्यावर वहन आकार, इंधन समायोजन, स्थिर आकार, वीज शुल्क. सगळं मिळून भागायचं. 9 गुणिले साडेबारा, 112 रुपये.

तर 485, 290 आणि 112. भाऊ म्हणतो, “दादा, म्हणजे तू माझ्यापेक्षा दिवसाला पावणेदोनशे वाचवतोस. मग माझ्याआधी तुझी गाडी का फिटत नाही?”

कारण गाडीची किंमत. जून 2025 मध्ये ही गाडी आली तेव्हा एकाच सांगाड्याचे तीन भाव लागले होते: पेट्रोल 3 लाख 99 हजार, गॅस-पेट्रोल दोन्ही चालणारी 4 लाख 99 हजार आणि विजेची साडेसहा लाख. गॅसवालीपेक्षा दीड लाखाचा फरक. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर माझी बचत साडेचार हजार. दीड लाख भरून निघायला तेहतीस महिने, आणि त्या दीड लाखावरचं व्याज वेगळं. वर 22 सप्टेंबर 2025 पासून इंजिनाच्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांवर तो आधीपासून 5 टक्केच होता. म्हणजे त्याची गाडी स्वस्त झाली, माझी होती तिथंच राहिली. आज घेणाऱ्याला फरक दोन लाखांच्या जवळ जातो आणि तेहतीसचे चाळीसच्या वर महिने होतात. पेट्रोलवाल्याच्या जागी मी असतो तर सगळं अडीच वर्षांच्या आत मिटलं असतं.

माझ्या बाजूनं आणखी बारीकसारीक आहे. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लचप्लेट नाही. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट नाही. थर्ड पार्टी विम्यात 15 टक्के सूट. 2018 पासून बॅटरीच्या गाडीला परमिट लागत नाही. आणि भावाच्या बाजूनं एकच मोठी गोष्ट: त्याची गाडी उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक आहे. माझी पाच वर्षांनी कोण घेईल आणि बॅटरीकडं बघून काय भाव पाडेल, ते अजून बाजारानंच ठरवलेलं नाही.

सकाळी 9:15

इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. भाईंदर पूर्व म्हणजे स्टीलची भांडी. पॉलिशच्या चाकांचा आवाज आणि त्यातून उडणारी काळी भुकटी हवेतच असते, तोंडात लोखंडाची चव येते. डबे, टोप, ताटं, एकात एक बसवलेली, खोक्यांना सुतळी. आज मालाडपर्यंत. हमालांनी खोकी मागच्या चाकांवर लादली होती, पुढं घ्यायला लावली. “काय फरक पडतो शेठ?” फरक पडतो. गाडी मागं बसली की उताराला ब्रेकचा भरवसा कमी होतो. शिवाय साडेसातशे किलो म्हणजे साडेसातशे. जुन्या गाड्यांत लोक टनभर माल कोंबायचे आणि इंजिन कुंथत का होईना न्यायचं. ही कुंथत नाही, मुकाट ओढते, पण टक्के भराभर उतरतात. टक्के हा आमच्या बोलण्यातला नवा शब्द. पूर्वी ‘गाडीत किती आहे’ विचारलं की काट्याकडं बघून ‘अर्धी’ सांगायचो. आता ‘एकसष्ट’ सांगतो. इतकं नेमकं माहीत असणं चांगलं की वाईट, कोण जाणे. पहिले काही आठवडे तर मी रस्त्यापेक्षा त्या आकड्याकडंच जास्त बघत होतो.

सकाळी 10:00

दहिसर चेकनाका. हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला, रांग काही माफ झाली नाही. डोक्यावर मेट्रो 9 चे खांब, बाजूला बस, आणि सगळे जागच्या जागी. भावाची गाडी अशा ठिकाणी गॅस पीत उभी असते. माझी दिव्यापुरतं आणि छोट्या पंख्यापुरतं खाते. त्यामुळं ऐंशी किलोमीटर हे आमचं माप सकाळच्या नाक्यावर त्याच्या विरोधात जातं, आणि मोकळ्या हायवेवर माझ्या. वर्सोवा पुलावरून वसईच्या पलीकडं सत्तरच्या वेगानं गेलो की माझे टक्के नळ उघडल्यासारखे जातात, त्याचं ॲव्हरेज उलट सुधारतं. रोज विरार-पालघर करणाऱ्याला मी ही गाडी घे म्हणून सांगणार नाही.

सकाळी 11:00 ते दुपारी 12:45

बोरिवली, कांदिवली, मालाड. पार्किंग, चलन, सही, पुढचं दुकान. सांगण्यासारखं काही नाही. एका दुकानदारानं खोकं फोडून टोपाला पोचा दाखवला आणि तो पोचा माझ्या खात्यावर टाकायला बघत होता. इंधन कुठलंही असो, हे चुकत नाही.

दुपारी 1:15

घरी, प्लग लावला, जेवायला बसलो. सुक्या बोंबलाची आमटी आणि तांदळाची भाकरी. सकाळची फेरी लवकर उरकून दुपारी चार्जिंग करायची ही माझी सवय पूर्वी सोयीपुरती होती. आता त्यात पैशाचाही वास येऊ लागलाय.

गोष्ट अशी की आपल्याकडं वर्षानुवर्षं रात्रीची वीज स्वस्त मानली जायची. कारखाने बंद, माणसं झोपलेली, कोळशाचे संच मात्र चालूच, तेव्हा रात्री वापरा आणि सूट घ्या. सौर ऊर्जेनं हे घड्याळ फिरवलं. आता जादा वीज दुपारी असते. 1 जुलै 2025 पासून महावितरणनं घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सूट द्यायला सुरुवात केली, त्यासाठी स्मार्ट मीटर हवं. आमच्याकडं महावितरण नाही. मीरा-भाईंदरला वीज येते अदानीची, 2018 च्या आधी रिलायन्सची, त्याच्या आधी बीएसईएसची. आईच्या तोंडी अजून बीएसईएसच आहे आणि तिच्या दृष्टीनं मधले सगळे पोस्टमन आहेत. पण वारा कुठल्या बाजूनं वाहतोय ते दिसतं. ज्यांची गाडी दुपारी घरी असते त्यांचे दिवस येताहेत: पाववाले, दूधवाले, शाळेच्या व्हॅनवाले. दिवसभर भाडं मारून रात्री चार्जिंगला लावणाऱ्यांचं काय, ते दर ठरवणाऱ्यांना विचारायला हवं.

स्वच्छ विजेचं म्हणाल तर मी फुशारकी मारत नाही. डहाणूला पाचशे मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, कोळशाचं, तिथून ही वीज इकडं येते, आणि बाकीची कुठून कुठून. माझ्या गल्लीत धूर नाही, हे खरं. धूरच नाही, हे खरं नाही.

आणखी एक, मीटर वेगळं घेण्याबद्दल. सुरुवातीला घरच्याच मीटरवर लावा असं सगळ्यांनी सुचवलं. पण घरगुती दर टप्प्यांनी चढतात: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, पुढं चौथा. गाडीचीच महिन्याला सव्वातीनशे युनिटं. घरची दोनशे त्यात मिळवली की पाचशेची रेघ ओलांडली. म्हणजे गाडीच्या विजेनं आईचा पंखासुद्धा वरच्या टप्प्यात ढकलला. गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मिळते, तिचा दर वेगळा आणि त्याला हे टप्पे नाहीत. अर्ज, जागेचे कागद, अनामत, खेटे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, तेवढ्यावरून महिना गेला. पण करून घेतलं.

दुपारी 3:30

गाडी चार्जिंगला असताना मित्राचा फोन. त्याच्याकडं मोठी विजेची व्हॅन आहे, मीरा रोडला चौथ्या मजल्यावर राहतो. आत्ता हायवेजवळच्या सार्वजनिक चार्जरवर उभा आहे, पुढं दोन गाड्या. सोसायटीत त्यानं स्वतःच्या खर्चानं वायर ओढायची तयारी दाखवली होती. सभेत प्रश्न आले: इमारतीचा मंजूर भार पुरेल का, आग लागली तर जबाबदार कोण, उद्या सगळेच मागतील, भाड्याची गाडी इथं का. ठराव नामंजूर. इमारत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा घराघरात एसी येतील हेसुद्धा कुणी धरलं नव्हतं, त्यामुळं पहिला प्रश्न अगदीच खोटा नाही.

सार्वजनिक चार्जरवर युनिटला अठरापासून पंचवीसपर्यंत काहीही दर लागतो. यंत्र, जागा, भार यांचं भाडं त्यात असतं, आणि चार्जिंग ही सेवा ठरल्यामुळं 18 टक्के जीएसटी. घरच्या विजेवर जीएसटी नाही. सगळं मिळून बावीस धरा. माझ्याच गाडीचा हिशेब त्याच्या दरानं मांडून पाहिला: साडेबारा युनिट, 275 रुपये. भावाच्या गॅसला 290.

फरक पंधरा रुपये. दिवसाचा. त्या पंधरा रुपयांवर दीड लाखाचा फरक भरून काढायचा तर बत्तीस वर्षं लागतील. गाडी तीच, बॅटरी तीच, रस्ते तेच. फक्त प्लग दुसऱ्याचा. विजेची गाडी स्वस्त पडते की महाग, याचं उत्तर गाडीत नाहीच. ते जमिनीच्या कागदांत आहे. ज्याला स्वतःच्या मीटरशेजारी रात्र काढायला जागा आहे त्याला एक रुपया चाळीस पैशांनी किलोमीटर, नाही त्याला साडेतीन रुपयांनी. आणि मुंबईच्या आसपास भाड्याचा टेम्पो चालवणाऱ्यांत अंगण असलेले किती? बहुतेकांच्या गाड्या रात्री पुलाखाली नाहीतर गटाराच्या कडेला उभ्या असतात. माझ्या वहीतले आकडे बघून कुणी हुरळू नये. त्या 112 रुपयांत आजोबांनी न विकलेल्या जागेचं भाडं धरलेलंच नाही.

सरकारनं नाही म्हटलं तरी बरंच केलंय. राज्याचं 2025 चं धोरण मोटार वाहन कर माफ करतं, 2030 च्या मार्चपर्यंत. महामार्गांवर चार्जिंगची सोय करायचं त्यात आहे. विजेच्या कारला अटल सेतूवर टोल नाही. पण गटाराकडेच्या टेम्पोला सोळा अँपियरचा एक खांब कुणी देत नाही. वेगवान चार्जरचं फीत कापून उद्घाटन होतं, साध्या सॉकेटचं कोण करणार? सहा तास उभ्या राहणाऱ्या गाडीला वेगवान चार्जर हवाच कशाला!

संध्याकाळी 5:00

दुसरी फेरी, छोटी. गाळ्यातून राहिलेली खोकी काशीमीऱ्याला, येताना रिकामा परत.

संध्याकाळी 7:00

भाऊ पंपाच्या रांगेत. रिक्षांची एक रांग, गाड्यांची दुसरी, आणि दोन्ही रस्त्यापर्यंत. संध्याकाळी प्रेशर उतरतं. टाकीत दोनशे बार भरायला हवेत तिथं दीडशेवर नोझल काढतात, म्हणजे टाकी ‘फुल’ आणि गॅस पाऊण. मग उद्या पुन्हा रांग. हा वेळ आमच्या सकाळच्या हिशेबात कुठंच नाही. रोज पाऊण तास रांगेत म्हणजे महिन्यात किती भाडी गेली? तो म्हणतो, “रांगेत मी झोपतो, ते भाडंच समज.”

तो गॅसकडं वळला तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं नव्हतं, आणि आजही काढत नाही. 2021 च्या सुरुवातीला मुंबईत सीएनजी पन्नासच्या आत होता. 1 एप्रिल 2022 ला राज्यानं व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला आणि भाव 66 वरून 60 झाला. लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. पण त्याच दिवसापासून केंद्रानं देशी गॅसची किंमत दुपटीहून जास्त केली होती, ऑक्टोबरात पुन्हा चढवली. त्या नोव्हेंबरात पाटीवर 89 रुपये 50 पैसे लागले. एकाच वर्षात साठ आणि साडेएकोणनव्वद! एप्रिल 2023 मध्ये किरीट पारीख समितीच्या शिफारशींवरून देशी गॅसच्या किमतीला वरची मर्यादा घातली, तेव्हा भाव खाली येऊन ऐंशीच्या आसपास रेंगाळला. विजेचा दरही वाढतो, पण वीज नियामक आयोगापुढं सुनावणी होऊन, वर्षातून एकदा, आधी सांगून. इंधन समायोजन तेवढं महिन्याला खालीवर होतं. भाडं ठरवताना हे मला फार मोलाचं वाटतं. सहा महिन्यांचा करार मी निर्धास्त करतो, भाऊ तीन महिन्यांच्या पुढं जात नाही.

आणि नोव्हेंबर 2025. चेंबूरला आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला धक्का लागला, वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनकडं जाणारा गॅस अडला, आणि मुंबई-ठाण्यात पंपांमागून पंप बंद पडले. रिक्षा घरी, शाळेच्या व्हॅन घरी. दोनेक दिवसांनी सुरळीत झालं. त्या दिवसांत माझा फोन सारखा वाजत होता. पावसात चार-पाच तास वीज जाते तेव्हा भाऊ याचं उट्टं काढतो.

रात्री 9:00

वही. सकाळचा आकडा, दुपारचा, आताचा. भाऊ येऊन ओटीवर बसला. सरळ मुद्द्याला आला: त्याला दुसरी गाडी घ्यायचीय, विजेची, पाव आणि दूध दोन्ही धरायचेत. तो टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहतो. माझ्या अंगणात, माझी गाडी पहाटे बाहेर पडली की, त्याची लागेल का? आणि युनिटला काय घेशील?

कायद्यानं अडचण नाही. एप्रिल 2018 मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, त्याला वितरणाचा परवाना लागत नाही. अडचण नात्याची. नऊ घेतले तर पिना, एमसीबी, अर्थिंगचं मीठ माझ्या खिशातून. बावीस घेतले तर चुलत्यांना तोंड कसं दाखवू?

“दहा,” भाऊ म्हणाला.

“तेरा,” मी म्हणालो. “आणि मंजूर भार वाढवायचा अर्ज तू करायचास.”

“दादा, आपलाच माणूस आहे मी.”

आतून आई म्हणाली, “तू आपलाच हाय रे. पन वीज काय आपली नाय, ती बीएसईएसची हाय. बारा दे, आन् रविवारी बोंबील आन.”

बारावर ठरलं. बोंबलांचा भाव कुणी धरायचा, यावरून अजून वाद चालू आहे.